अतिनील प्रकाशात उजळणारी खनिजे: कशी पाहावीत, कशी ओळखावीत, कशी नोंदवावीत

माझ्या संग्रहातल्या एका पांढुरक्या कॅल्साइटच्या चिठ्ठीवर दोन वर्षे ‘चमकत नाही’ असे लिहिलेले होते. तेव्हा माझ्याकडे एकच जांभळी टॉर्च होती आणि तिनेच मी तो तपासला होता. पुढे एका जाणकार संग्राहकाच्या लघुतरंगी, म्हणजे कमी तरंगलांबीचे अतिनील किरण देणाऱ्या, दिव्याखाली तोच तुकडा निखाऱ्यासारखा लाल झाला. त्या रात्री घरी येऊन मी सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला घेतल्या आणि प्रत्येक नोंदीत दिव्याची तरंगलांबी घातली. कोणत्या दिव्याखाली पाहिले हे न सांगता ‘हा दगड चमकतो’ किंवा ‘चमकत नाही’ म्हणणे अर्धवट आहे. म्हणून या लेखातही दिवा आधी येतो आणि दगडाचे नाव सगळ्यात शेवटी.

आधी थोडे कारण

खनिजावर अतिनील किरण पडले की त्यातले काही इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात. खाली उतरताना थोडी ऊर्जा स्फटिकात उष्णता होऊन मुरते आणि उरलेली प्रकाश होऊन बाहेर पडते. वाटेत ऊर्जा घटते, त्यामुळे बाहेर येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत शिरलेल्या किरणांपेक्षा जास्त असते. डोळ्यांना न दिसणारे किरण आत जातात आणि दिसणारा रंग बाहेर येतो तो असा. जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे मांडले आणि फ्लुओराइट या खनिजावरून या प्रकाराला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत त्याला प्रतिदीप्ती म्हणतात.

गंमत अशी की बहुतेक खनिजे अगदी शुद्ध असतील तर उजळत नाहीत. उजळते ती त्यांच्यातली भेसळ. कॅल्साइटमध्ये मँगनीज शिरले की लाल-नारिंगी, फ्लुओराइटमध्ये युरोपियम असले की निळा, माणकात क्रोमियम असते म्हणून गडद लाल. कधी एक घटक पुरत नाही. लघुतरंगी दिव्याखाली लाल होणाऱ्या कॅल्साइटमध्ये शिशाचा अंश किरण शोषून घेतो आणि ती ऊर्जा शेजारच्या मँगनीजच्या हाती देतो. उलट लोह, तांबे, निकेल आणि कोबाल्ट हा उजेड विझवतात. म्हणूनच लोह जास्त असलेले माणिक निस्तेज राहते आणि लोह कमी असलेले पेटल्यासारखे दिसते. भेसळीवाचून स्वतःच्या घडणीमुळे उजळणारी खनिजे थोडी आहेत. टंगस्टनचे धातुक असलेले शीलाइट त्यांपैकी एक.

यावरून पुढचे सगळे कळते. एकाच नावाची दोन खनिजे दोन खाणींतून आली तर वेगळी वागतील. एकाच स्फटिकाचा मधला भाग उजळेल आणि कडा काळी राहील, कारण स्फटिक वाढत असताना त्याच्या भोवतीचे द्रावण बदलत गेले. हे थर साध्या उजेडात दिसतही नाहीत. मला या छंदाची खरी ओढ लागली ती हे थर पाहून.

पहिली पायरी: दिवा

संग्राहक तीन प्रकारचे दिवे वापरतात. दीर्घतरंगी दिवा ३६५ नॅनोमीटरच्या आसपास, मध्यमतरंगी सुमारे ३१० आणि लघुतरंगी २५४. पाऱ्याच्या वाफेचा दिवा निसर्गतःच २५४ आणि ३६५ या रेषांवर प्रकाश देतो, म्हणून हे आकडे रूढ झाले. आता दीर्घतरंगासाठी एलईडी टॉर्च सर्रास मिळतात आणि २५५ नॅनोमीटरच्या आसपासचे लघुतरंगी एलईडीही आले आहेत.

नवख्यांच्या हाती बहुधा पडते ती ३९५ नॅनोमीटरची टॉर्च. तिच्या प्रकाशाचा मोठा हिस्सा डोळ्यांना दिसणारा जांभळा असतो. तो दगडावरून परावर्तित होतो आणि सगळेच जांभळट दिसते. खरी मंद चमक त्यात बुडून जाते आणि नसलेली चमक असल्यासारखी वाटते. माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिली खरेदी ३६५ नॅनोमीटरच्या, पुढे काळी काच बसवलेल्या टॉर्चची करा. ती काळी काच म्हणजे फिल्टर. तो दिसणारा प्रकाश अडवतो आणि अतिनील जाऊ देतो. फिल्टरशिवाय ३६५ ची टॉर्चही फिकट निळसर उजेड सांडते.

फिल्टर कितपत काम करतो हे पाहण्यासाठी अंधाऱ्या खोलीत स्टीलच्या चकचकीत चमच्यावर टॉर्च मारा. स्टील स्वतः उजळत नाही, त्यामुळे चमच्यावर जो जांभळा किंवा निळा डाग दिसेल ती दिव्याची गळती. ती किती आहे हे एकदा डोळ्यांत भरले की पुढे कुठल्याही दगडावरचा तसला रंग आपण हिशेबातून वजा करू शकतो. हे करताना चमच्याची उलट चमक थेट डोळ्यांत येणार नाही अशा कोनात उभे राहा.

छंद टिकणार असे वाटले की लघुतरंगी दिवा घ्या, कारण सर्वांत देखणी खनिजे बहुधा त्याखालीच बोलतात. दिवा खरोखर लघुतरंगी आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. उजळणाऱ्या दगडाच्या आणि दिव्याच्या मध्ये खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा धरा. साधी काच २५४ अडवते आणि ३६५ बरेचसे जाऊ देते. काच मध्ये येताच रंग मावळला तर उजेड लघुतरंगाचा होता. तसाच राहिला तर दीर्घतरंगाचा. हीच युक्ती पुढे दगड तपासतानाही उपयोगी पडते.

जंतुनाशक नळी २५४ नॅनोमीटरचीच असते, म्हणून काही जण ती उघडी लावतात. तसे करू नका. तिला फिल्टर नसल्यामुळे पाऱ्याच्या दिसणाऱ्या निळ्या रेषांत सगळे धुऊन जाते, आणि उघडी नळी खोलीभर घातक किरण फेकते. पाऱ्याची कोणतीही नळी फुटली तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जा आणि तुकडे झाडूने न पसरवता कडक कागदाने उचला.

दुसरी पायरी: डोळे आणि कातडी

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. लघुतरंगी किरणांनी डोळ्याच्या पुढच्या पडद्याला भाजते आणि ते त्या क्षणी कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपायला लागते, पाणी येते आणि उजेड सहन होत नाही. कातडीही उन्हात करपावी तशी लाल होते. म्हणून पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी बंद असलेला पारदर्शक गॉगल घाला, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला आणि दिवा नेहमी खाली, दगडाकडे रोखून ठेवा. नेहमीचा नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो, त्यावर विसंबू नका. लहान मुले पाहायला आली तर दिवा मोठ्याच्या हातात आणि प्रत्येक मुलाला गॉगल. घरातले मांजर-कुत्रे खोलीबाहेर.

दीर्घतरंगी टॉर्च तुलनेने सौम्य असते, पण तिच्याकडेही टक लावून पाहू नये. तिथे गॉगलचा आणखी एक फायदा होतो. आपल्या डोळ्यातले भिंग ३६५ खाली स्वतःच थोडे उजळते आणि नजरेपुढे धुके येते. अतिनील अडवणारा गॉगल घातला की ते धुके नाहीसे होते आणि दगडाचे रंग ठसठशीत दिसतात. पिवळ्या काचेचा मात्र घेऊ नका, सगळे रंग खोटे दिसतील.

तिसरी पायरी: अंधार आणि स्वच्छ दगड

अंधार म्हणजे पुरता अंधार. दाराखालची फट, चार्जरचा दिवा, फोनचा पडदा हे सगळे झाका. मग दहा-पंधरा मिनिटे नुसते बसा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि मंद उजळणारी खनिजे त्यानंतरच दिसू लागतात. नोंदी करायला मंद लाल दिवा वापरा.

दगड आधी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवा. कपड्यांच्या साबणाची पूड वापरू नका. तिच्यात पांढरेपणा आणणारी द्रव्ये असतात, ती स्वतः निळी चमकतात आणि दगडाच्या भेगांत जाऊन बसतात. सैंधवासारखी विरघळणारी खनिजे पाण्यात घालू नका, ती कोरड्या ब्रशनेच साफ करा. पसरायला मॅट काळा कागद किंवा कापड घ्या, पण आधी ते दिव्याखाली तपासा. काळ्या कापडावर चिकटलेले सुताचे कण निळ्या ठिणग्यांसारखे दिसतात आणि फोटोत फार त्रास देतात.

चौथी पायरी: पाहण्याचा क्रम

आधी दीर्घतरंग, मग मध्यमतरंग, लघुतरंग शेवटी. हा क्रम मी बदलत नाही, आणि त्याला कारण आहे. लघुतरंगी दिव्याने काही खनिजे ‘भारली’ जातात आणि दिवा बंद केल्यावरही उजेड देत राहतात. तो उजेड पुढच्या निरीक्षणात मिसळतो. काहींचा तर दिवसाउजेडी दिसणारा रंगच पालटतो. सोडालाइटचा हॅकमनाइट हा प्रकार लघुतरंगाखाली ठेवला की गुलाबी किंवा जांभळा होतो आणि साध्या उजेडात हळूहळू पुन्हा फिका पडतो. आधी लघुतरंग वापरला तर त्याचा मूळ रंग पाहायची संधी गेली.

दिवा दगडापासून दर वेळी सारख्याच अंतरावर धरा. मी एक वीत धरतो. दगड फिरवत सगळ्या बाजू पाहा, कारण चमक पुष्कळदा एकाच शिरेत किंवा एका कोपऱ्यात असते. रंग लिहिताना नुसते ‘हिरवा’ लिहू नका. ‘कोवळ्या पोपटी पानासारखा’, ‘समुद्रफेसासारखा निळसर पांढरा’ असे लिहिले तर वर्षाने वाचतानाही तो रंग डोळ्यांसमोर येतो. सोबत तीव्रता लिहा: प्रखर, मध्यम, मंद.

आता दिवा बंद करून राहणारा उजेड तपासा. याला फॉस्फोरेसन्स म्हणतात. त्यासाठी डोळे मिटा, अर्धा मिनिट दगडावर दिवा धरा, दिवा बंद करा आणि त्याच क्षणी डोळे उघडा. डोळे मिटल्यामुळे दिव्याने ते दिपत नाहीत आणि सेकंदभर टिकणारी चमकही सापडते. किती सेकंद टिकली ते मनात मोजून लिहा. हा प्रकार स्टोक्स यांच्याही आधीपासून लोकांना माहीत होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बोलोन्यातल्या व्हिन्चेन्झो काश्यारोलो या चांभाराने जवळच्या डोंगरावरचा बॅराइट कोळशाबरोबर भाजला, आणि तो दगड उन्हात ठेवून अंधारात नेला की उजेड देऊ लागला. युरोपभरचे विद्वान त्या ‘बोलोन्याच्या दगडा’चे कोडे सोडवत बसले होते.

पाचवी पायरी: कोणती खनिजे भेटतील

कॅल्साइट सगळ्यात आधी, कारण ते सर्वत्र आहे आणि सगळ्यात लहरी आहे. लाल, गुलाबी, नारिंगी, दुधी, निळे, किंवा काहीच नाही. टेक्सासमधल्या टर्लिंग्वाचे कॅल्साइट दीर्घतरंगाखाली गुलाबी आणि लघुतरंगाखाली निळे दिसते, आणि दिवा बंद केल्यावर निळे रेंगाळते. एका तुकड्यावर तीन निरीक्षणे शिकायची असतील तर यासारखा दगड नाही.

फ्लुओराइटला या साऱ्या प्रकाराचे नाव मिळाले खरे, पण प्रत्येक फ्लुओराइट उजळतो असे नाही. उजळला तर बहुधा दीर्घतरंगाखाली निळा-जांभळा. इंग्लंडच्या वेअरडेल भागातले काही हिरवे फ्लुओराइट तर नुसत्या उन्हात नेले तरी निळे दिसतात, कारण उन्हातले अतिनील किरणही त्यांना पुरतात.

न्यू जर्सीतले फ्रँकलिन आणि त्याच्या शेजारचे स्टर्लिंग हिल हे या छंदाचे तीर्थक्षेत्र. जस्ताच्या या खाणींत विलेमाइट प्रखर हिरवे आणि त्याला लगटून असलेले कॅल्साइट लाल उजळते. लघुतरंगाखाली हे दोन रंग एकाच दगडात शेजारी शेजारी पेटलेले पाहिले की माणूस काही वेळ बोलत नाही. त्यांच्यासोबत एस्पेराइटचा लिंबासारखा पिवळा आणि हार्डिस्टोनाइटचा निळा-जांभळाही भेटतो. खाण चालू असताना टाकाऊ मालात विलेमाइट जात नाही ना, हे पाहायला तिथे अतिनील ठिणगी-दिवा वापरत. फ्रँकलिनची खाण १९५४ मध्ये बंद झाली, स्टर्लिंग हिलची १९८६ मध्ये, आणि आता स्टर्लिंग हिलला संग्रहालय आहे.

शीलाइट लघुतरंगाखाली आकाशी निळे दिसते. त्यात मॉलिब्डेनम वाढत गेले की रंग पांढऱ्याकडे आणि मग पिवळ्याकडे सरकतो, त्यामुळे जाणकार नुसत्या रंगावरून भेसळीचा अंदाज बांधतात. टंगस्टन शोधणारे लोक रात्री दिवा घेऊन डोंगर धुंडाळतात ते यामुळेच. पण जस्ताचे हायड्रोझिंकाइटही लघुतरंगाखाली तशाच निळ्या-पांढऱ्या रंगात दिसते, तेव्हा सावध.

सोडालाइट दीर्घतरंगाखाली ज्वाळेसारखे नारिंगी होते. २०१७ मध्ये मिशिगनच्या सुपीरिअर सरोवराकाठी सापडलेले करडे गोटे याच खनिजामुळे गाजले. वरून साधे दिसणारे ते गोटे टॉर्चखाली आत विस्तव असल्यासारखे दिसतात. ‘यूपरलाइट’ हे त्यांचे व्यापारी नाव आहे, खनिजाचे नव्हे. ग्रीनलंडच्या इलिमाउस्साक भागातही सोडालाइट भरपूर आहे आणि तिथलेच टगटुपाइट लघुतरंगाखाली लालबुंद होते.

माणिक आणि तांबडे स्पिनेल दीर्घतरंगाखाली पाहा. सेलेनाइट जिप्समच्या स्फटिकात कधी वाळूच्या घड्याळासारखी आकृती उजळते. गारगोटी बहुतेक वेळा गप्प राहते.

हिरव्या चमकीबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. पिवळट हिरवा, डोळ्यांत घुसणारा रंग हा पुष्कळदा युरेनियमचा असतो. हायलाइट या जातीचे ओपल आणि काही अकीक त्यातल्या लेशमात्र युरेनियममुळे हिरवे दिसतात, आणि ते हाताळायला सहसा अडचण नसते. ऑट्युनाइट हे मात्र युरेनियमचेच खनिज आहे. ते वाळून सुटते, त्याचे पापुद्रे झडतात आणि ती धूळ श्वासावाटे आत जाणे धोक्याचे. ते घ्यायचेच असेल तर बंद डबीत, झोपण्या-बसण्याच्या खोलीपासून दूर, हवेशीर जागी ठेवा. उघड्या हाताने धरू नका, हाताळल्यावर हात धुवा, आणि ते घासू किंवा कापू नका. विलेमाइटही हिरवेच उजळते, पण त्यात युरेनियम नसते. शंका असेल तर किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने तपासून घ्या.

सहावी पायरी: नाव ठरवणे

इथे घाई नको. रंगावरून नाव ठरवायचा मोह फार होतो आणि बहुतेक चुका इथेच होतात. दिवा बंद करा, खोलीतला दिवा लावा आणि नेहमीच्या कसोट्या घ्या. कॅल्साइटची कठिनता ३, फ्लुओराइटची ४. कॅल्साइट फुटते तेव्हा तिरक्या चौकटीचे तुकडे पडतात, फ्लुओराइटचे पाटन, म्हणजे सपाट पृष्ठांवर फुटणे, चार दिशांना असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसते, शीलाइट किंवा फ्लुओराइट नाही. शीलाइट हातात घेताच जड लागते, त्याची घनता पाण्याच्या सुमारे ६ पट आहे. चमक, कठिनता, पाटन, वजन आणि दगड कुठून आला हे सगळे जुळले तरच नाव लिहा. नाही जुळले तर ‘अनिश्चित, २५४ खाली निळसर पांढरा’ एवढीच नोंद ठेवा. ती चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

फसवणारे उजेडही पुष्कळ असतात. दगडावर वाढलेले दगडफूल नारिंगी चमकू शकते. तुटलेला नमुना जोडलेला असेल तर सांध्यातला गोंद निळसर पांढरी रेघ होऊन दिसतो, आणि विकत घेताना मी ही रेघ आवर्जून शोधतो. तेल, लाख किंवा रंगद्रव्य चढवलेले दगडही विकले जातात. त्यांचा उजेड सगळीकडे सारखा, भेगांत जास्त साचलेला आणि पृष्ठभागापुरता असतो. एखादा छोटा टवका काढून ताजा भाग पाहिला की खरे-खोटे कळते.

रात्री बाहेर जायचे असेल तर

ती जागा आधी दिवसा पाहून या. मालकाची परवानगी घ्या, सोबतीला माणूस घ्या आणि साधी बॅटरी वेगळी ठेवा. जुन्या खाणीच्या तोंडाशी किंवा सैल ढिगाऱ्यावर जाऊ नका. हात टाकण्याआधी टॉर्च मारा: विंचू अतिनील प्रकाशात हिरवट निळे चमकतात, आणि दगडाखाली तो दिसला तर तुमचे नशीब चांगले.

फोटो

कॅमेरा तिपाईवर ठेवा, सगळे हाताने ठरवा. संवेदनशीलता (ISO) कमी, शटरची उघडझाप काही सेकंदांची, श्वेतसंतुलन दिवसाच्या उजेडाचे. आपोआप ठरू दिले तर कॅमेरा लाल कॅल्साइट गुलाबी करून टाकतो. लेन्सवर अतिनील अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर निळा पडदा येतो. लाल आणि हिरवा एकाच चौकटीत असले तर हिरवा लवकर जास्त उजळून पांढरा पडतो, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या वेळा देऊन पाहा. आणि कॅमेरा न हलवता साध्या उजेडातला एक फोटो नक्की घ्या. जोडी असली तरच पाहणाऱ्याला फरक कळतो. संगणकावर रंग भडक करू नका. डोळ्यांना जे दिसले तेच ठेवा.

संग्रह राखताना

काही फ्लुओराइट उन्हात फिके पडतात, म्हणून नमुने बंद खणात ठेवा. चिठ्ठीवर खनिज, ठिकाण, तिन्ही दिव्यांखालचे रंग, दिवा बंद केल्यावर किती सेकंद चमक राहिली, आणि तारीख. लघुतरंगी दिव्याच्या फिल्टरची काच वापराने हळूहळू अंधारत जाते आणि ते इतके सावकाश होते की रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून एक चांगला उजळणारा तुकडा कसोटीचा म्हणून बाजूला काढा. दिवा नवा असतानाच ठराविक अंतरावरून, ठराविक सेकंदांत त्याचा फोटो घ्या आणि दर वर्षी तसाच पुन्हा घ्या. फोटो काळवंडायला लागले की दगडांना दोष न देता फिल्टर बदला.